वाचक विचारतात : कुठल्या कामाला कुठली तोफ?

गेल्या अंकात तोफखान्यावर लिहिलं आणि सातारा-सांगलीकडून पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेकांचा रोख एकच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० के-९ वज्र घ्यायचा करार झाला, मार्च २०२५ मध्ये ३०७ अ‍ॅटॅग्ज तोफांचा झाला, त्याआधीच्या एम-७७७ आहेत, बोफोर्सच्या धर्तीवरची देशी धनुष आहे, पिनाका रॉकेट लाँचर आहे. एवढे प्रकार कशाला? एक चांगली तोफ निवडावी आणि सगळ्यांना तीच द्यावी. मी तोफखान्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं मीडियम रेजिमेंटमध्ये गेली, आधी रशियन १३० मिलिमीटर तोफेवर आणि नंतर बोफोर्सवर. त्या जोरावर उत्तरं देतोय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, गावं तेवढी देतो.

सुभेदार साहेब, मी बारावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. अ‍ॅटॅग्ज ४८ किलोमीटर मारते आणि एम-७७७ कशीबशी ३०. मग कमी पल्ल्याची तोफ अमेरिकेकडून कशाला घेतली?
— विद्यार्थी, वाई

बाळा, तू पल्ल्याचा आकडा पाठ केलास, आता वजनाचा कर. अ‍ॅटॅग्ज १८ टनांच्या घरात. एम-७७७ साधारण ४,२०० किलो, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. तोफ किती लांब मारते हे नंतर बघायचं. आधी बघायचं की ती जिथं उभी करायची आहे तिथं पोचते का.

तू वाईचा आहेस. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पसरणी घाटात चढवायचा, एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून मागं घ्यायचा, आणि रात्री, दिवे बंद ठेवून, हे डोळ्यांसमोर आण. ओढायच्या तोफेचं तसंच असतं. पुढं गाडी, मागं तोफ, आणि दोन्ही मिळून लांबी एवढी की डोंगरातल्या वळणावर एका दमात वळत नाही. आपली बोफोर्स १२ टनांच्या जवळपास. तिला ओढायला स्कॅनिया गाडी होती, दणकट, पण तिलाही वळण घ्यायला मागं-पुढं करावं लागायचं. त्यात सीमेकडच्या पुलांवर लोड क्लासचा आकडा लिहिलेला असतो. त्याहून जड वाहन त्या पुलावर घालायचं नाही. अरुणाचलात एखाद्या खोऱ्यात जायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर सुट्या लोखंडी भागांचा एकच बेली पूल असेल, तर तो पूल पेलेल तेवढ्याच वजनाची तोफ पलीकडे जाणार. बाकीच्यांचा पल्ला अलीकडच्या काठावरून मोजत बसायचा.

एम-७७७ टायटॅनियमची केली ती याचसाठी. चिनूक हेलिकॉप्टरच्या पोटाखाली टांगून ती नेता येते. उंचावर हवा विरळ होते तसं हेलिकॉप्टरही कमी ओझं उचलतं, त्यामुळे तिथं एकेक किलो मोजला जातो. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण १४५ तोफांचा करार केला तो मुख्यतः उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या डोंगरांसाठी.

हलकेपणाची किंमत मोजावी लागते, तीही ऐक. तोफ डागल्यावर जो धक्का मागं येतो तो जड तोफ आपल्या अंगावर घेते. हलकी तोफ तो जमिनीला देते, म्हणून तिचे पाय नीट रोवावे लागतात. बोफोर्सवर स्वतःचं छोटं इंजिन आहे. त्यावर ती थोडं अंतर आपली आपण चालते, आणि तीन गोळे एकदम उचलून देणारी क्रेनही तिला आहे. एम-७७७ वर यातलं काही नाही. गोळा उचलायचा, भरायचा, तोफ फिरवायची, सगळं जवानांच्या दंडांवर. १५५ मिलिमीटरचा गोळा ४३ किलोच्या पुढं भरतो. १२-१३ हजार फुटांवर, जिथं बुटांच्या नाड्या बांधताना धाप लागते, तिथं सलग पाचपन्नास गोळे हातांनी भरून बघितल्याशिवाय हा हिशेब कळत नाही.

आता ४८ किलोमीटरचं बघू. गोळा हवेला कापत जातो. ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तोच गोळा, तोच चार्ज (गोळा ढकलणारी दारू), नळीचा तोच कोन, तरी गोळा बराच लांब जातो. म्हणून जाहिरातीतला पल्ला डोंगरात जसाच्या तसा धरायचा नसतो. टेक्निकल असिस्टंट हवेचा दाब, तापमान, वारा आणि चार्जचं तापमान घेऊन दर वेळी हिशेब मांडतो. आणि डोंगरात लांब मारण्याची गरज दर वेळी नसतेच. शत्रू नकाशावर १२ किलोमीटरवर असतो, पण कड्याच्या पाठीमागं. तिथं ४५ अंशांच्या वर नळी उचलून गोळा उंच चढवायचा आणि वरून खाली टाकायचा असतो. त्याला आम्ही हाय अँगल म्हणतो. जी तोफ हाय अँगल करू शकत नाही ती डोंगरात अर्धी आंधळी.

मग अ‍ॅटॅग्ज कुठं? पंजाबच्या मैदानात, राजस्थानच्या कडेला, जम्मूच्या सखल भागात, लडाखमध्ये जिथं रुंद खोरी आणि पक्के रस्ते आहेत तिथं. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तिचं डिझाइन केलं, भारत फोर्ज आणि टाटा अशा दोन कंपन्या ती बनवतात. शत्रूची तोफ ३० किलोमीटर मारत असेल आणि आपली चाळिशीच्या पुढं, तर आपण त्याच्या मापाबाहेर राहून त्याच्या तोफा गप्प करू शकतो. मैदानात दोन तोफखाने समोरासमोर येतात तेव्हा पल्ल्याचं मोल खरं लागतं. एनडीएच्या मुलाखतीत कोणी विचारलं की सगळ्यात चांगली तोफ कुठली, तर आधी त्यांनाच विचार, कुठल्या रस्त्याने न्यायची आहे.

माझा धाकटा भाऊ के-९ वज्रच्या रेजिमेंटमध्ये आहे. फोटोत ती हुबेहूब रणगाडा दिसते. मग तोफ का म्हणायची? आणि रणगाडे असताना ती वेगळी कशाला?
— गृहिणी, तासगाव

ताई, पट्ट्यांवर चालते, घुमट आहे, चिलखत आहे, म्हणून तशी वाटते. रणगाडा समोर दिसणाऱ्याला मारतो. आपल्या टी-९० ची नळी १२५ मिलिमीटरची, गोळा सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटर, आणि समोरच्या रणगाड्याचा मार झेलायला जाड चिलखत. के-९ ची नळी १५५ मिलिमीटरची. तुमचा भाऊ ज्याला मारतो तो त्याला दिसत नाही. तो ३०-४० किलोमीटरवर असतो. तिच्या चिलखतावर बंदुकीची गोळी आणि फुटलेल्या शेलचे तुकडे अडतात. रणगाड्याचा गोळा अडवणं तिचं काम नाही, आणि तिला त्या जागी नेऊन उभं करणाऱ्या कमांडरला काम कळलेलं नाही असं मी म्हणेन.

ती कशाला हवी ते वाळवंटात कळतं. रणगाड्यांची तुकडी रेताडातून एकदा सुटली की ओढायची तोफ मागं पडते. तिला गाडीपासून सोडवा, पाय पसरा, जमिनीत रोवा, दिशा द्या, मग फायर. तोवर रणगाडे पुढं निघून गेलेले असतात. के-९ त्यांच्या चालीने चालते, थांबते, १५ सेकंदांत ३ गोळे टाकू शकते आणि निघते. वजन ४७ टनांच्या आसपास, पोटात ४८ गोळे. गुजरातेत हजिरा इथं लार्सन अँड टुब्रोने कोरियन कंपनीच्या तंत्रावर पहिल्या १०० बांधल्या, शेवटची फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराला मिळाली.

घेतली वाळवंटासाठी, आणि काही महिन्यांतच त्यातल्या काही लडाखला गेल्या. पूर्व लडाखच्या पठारावर सपाट, मोकळा भाग आहे, तिथं पट्ट्यांवरची तोफ चालू शकते हे गलवाननंतर दिसून आलं. थंडीसाठी इंजिन, बॅटरी, तेल यांची वेगळी व्यवस्था करावी लागली. पण अरुणाचलच्या पायवाटेवर ४७ टन नेता येणार नाहीत, हेही तितकंच खरं. भावाला माझा जय हिंद सांगा.

राम राम साहेब. उमेदीची सगळी वर्षं १३० वर काढली. २७ किलोमीटर मारणारी, कधी दगा न देणारी तोफ. ती का काढायला निघालेत?
— निवृत्त हवालदार, अपशिंगे मिलिटरी

हवालदार, राम राम. त्या तोफेबद्दल वाकडा शब्द मीही ऐकून घेणार नाही. १९७१ मध्ये तिने काय केलं ते आपल्या गावोगावच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. रशियन माल, साधी, दणकट, चिखलात पडली तरी धुऊन परत उभी. तिच्या जमान्यात तिच्याएवढ्या लांब मारणाऱ्या तोफा थोड्याच होत्या.

पण तुम्ही तिच्या एलिव्हेशनच्या चाकावर हात ठेवलेला आहे. ४५ अंशांवर ते चाक अडायचं. पुढं नाही. मैदानी तोफ म्हणून बनवलेली, तिला त्याहून गरज नव्हती. कारगिलला हीच गोष्ट नडत होती. आम्ही द्रास भागात होतो. तोफा लावायला जागा म्हणजे महामार्गाच्या दोन बाजूंची अरुंद पट्टी, त्यापलीकडे उभे डोंगर. आणि वर टोलोलिंगवर, टायगर हिलवर शत्रूचा ओपी (टेहळणी करणारा) बसलेला, आमचा रस्ता त्याला तळहातासारखा दिसतोय. द्रास साधारण १०,८०० फुटांवर, टायगर हिलचा माथा १६,६०० च्या पुढं. शत्रूचे बंकर काही पुढच्या उतारावर, काही पाठीमागं. पुढच्यांना बोफोर्सने थेट दुर्बिणीतून नेम धरूनही मारलं, रायफलसारखं. पाठीमागच्यांना हाय अँगलशिवाय उपाय नव्हता, आणि तिथं तुमची-माझी १३० हात टेकायची.

जमीन कशी होती ते सांगतो, कारण तोफ निवडणाऱ्या मोठ्या साहेबांच्या कागदात ते येत नाही. वर चार बोटं माती, खाली खडक. तोफेच्या पायांचं स्पेड रुतायला खड्डा खणायचा तर पहार आदळून ठिणग्या उडायच्या. स्पेड नीट नाही बसलं की पहिल्या फैरीला तोफ हातभर मागं सरकते, दिशा बिघडते, पुन्हा सगळं लावा. पोरं रात्रभर पहार मारायची, दिवे नाहीत, काडी पेटवायची नाही. पहाटे फायर ऑर्डर यायची तेव्हा हातांना फोड आलेले असायचे आणि त्याच हातांनी गोळे उचलायचे. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने तोफा, मॉर्टर (उखळी तोफा) आणि रॉकेट लाँचर मिळून ३०० च्या आसपास नळ्यांमधून अडीच लाख गोळे आणि रॉकेटं डागली. टायगर हिल घेतली त्या दिवशी ९,००० गोळे डागले गेले. त्या आकड्यातला प्रत्येक गोळा कोणीतरी खांद्यावरून उतरवला होता.

आणखी एक. तेव्हा शत्रूच्या तोफा शोधून काढणारं रडार आपल्याकडे नव्हतं. त्यांचा गोळा कुठून आला हे आम्ही खड्ड्याच्या दिशेवरून आणि आवाजावरून ताडायचो. आता स्वाती रडार आहे. येणाऱ्या गोळ्याची वाट पकडून ते तोफेची जागा सांगतं. समोरच्याकडेही तसंच रडार आहे हे धरून चालायचं. म्हणजे एकाच जागी तोफ मांडून दिवसभर फायर करायचे दिवस संपले, आणि १३० सारखी पसरायला-आवरायला वेळ घेणारी तोफ त्यात मार खाते. काही १३० ना १५५ ची ४५ कॅलिबरची नळी बसवून 'शारंग' केली आहे. जुना गाडा, नवी नळी, पल्ला ३६ किलोमीटरच्या पुढं. हा शहाणपणाचा खर्च होता. गाडा आपल्या कारागिरांच्या हातचा ओळखीचा, ओढायच्या गाड्या ओळखीच्या, जवानांनाही सगळं नव्यानं शिकायला लागत नाही.

आमचं मिरज एमआयडीसीत मशीन शॉप आहे. सगळ्या तोफा १५५ मिलिमीटरच्याच करायच्या असं धोरण आहे म्हणे. मग ३९, ४५, ५२ हे आकडे कसले? आणि सगळ्यांत एकच गोळा चालतो का?
— कारखानदार, मिरज

तुम्हाला हे दोन मिनिटांत कळेल. १५५ हा नळीचा आतला व्यास. दुसरा आकडा म्हणजे लांबी व्यासाच्या किती पट. ३९ ची नळी सहा मीटर, ५२ ची आठ मीटरच्या थोडी वर. नळी लांब तर चार्जच्या वायूचा रेटा गोळ्यावर जास्त वेळ टिकतो, गोळा जास्त वेगाने बाहेर पडतो. बोफोर्स आणि एम-७७७ ३९ च्या, धनुष ४५ ची, के-९ आणि अ‍ॅटॅग्ज ५२ च्या.

१९९९ च्या तोफखाना आधुनिकीकरण योजनेत १५५ हा व्यास सगळीकडे आणायचं ठरलं ते बरोबर ठरलं. १०५, १२२, १३०, १५५ असे चार व्यास म्हणजे चार तऱ्हेचे गोळे, चार कोठारं, चार ट्रकांचे ताफे. युद्धात एका बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचे, गोळे संपले आणि शेजारच्या बॅटरीकडे ढीग पडलाय पण तो बसत नाही, असं होऊ नये.

मात्र गोळा एक असला तरी त्यामागचा चार्ज सरसकट एक नसतो, आणि हे तुमच्यासारख्या माणसाने लक्षात घ्यावं. चार्ज जिथं जळतो त्या कोठीचं आकारमान ३९ च्या तोफेत १९ लिटरच्या आसपास, ५२ च्या तोफेत बहुतेक देशांत २३ लिटर, आणि आपल्या अ‍ॅटॅग्जमध्ये २५ लिटर. तो ४८ किलोमीटरचा पल्ला या मोठ्या कोठीतून येतो. पण त्यामुळे कुठल्या तोफेला चार्जचे किती मॉड्यूल (तुकडे) लावायचे, जास्तीत जास्त दाब किती, नळी किती गोळ्यांनंतर बदलायची, हे सगळं तोफेगणिक वेगळं. प्रत्येकीच्या फायरिंग टेबल, म्हणजे नेमाची कोष्टकं, वेगळ्या. मोठा चार्ज वारंवार जाळला की नळी लवकर झिजते. म्हणून अनुभवी बॅटरी कमांडर लक्ष्य २० किलोमीटरवर असेल तर शक्यतो मोठा चार्ज वापरत नाही.

माझं एक ठाम मत आहे. १५५ च्या नादात लहान तोफा घाईने काढू नयेत. १०५ ची लाइट फील्ड गन अडीच टनांच्याही आत, पल्ला १७ किलोमीटर. हेलिकॉप्टर तिला सहज उचलतं, पॅरा ब्रिगेडबरोबर जाऊ शकते. आणि १२० मॉर्टर तर डोंगराची खास. नळी उभीच असते, गोळा वरूनच पडतो, सुटी करून वर चढवता येते. आपल्या सगळ्यात जुन्या बॅटरीने, २८ सप्टेंबर १८२७ ला उभ्या राहिलेल्या ५ बॉम्बे माउंटन बॅटरीने, तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर डोंगर चढवल्या. २८ सप्टेंबर हाच आपला गनर्स डे. तिथं जी गरज होती ती डोंगर आहेत तोवर राहणार.

औरंगजेबाकडे एवढ्या मोठ्या तोफा होत्या. मग आमचा अजिंक्यतारा घ्यायला त्याला महिनोन् महिने का लागले?
— शिक्षक, सातारा

गुरुजी, विषय थोडा बाजूचा आहे, पण उत्तर त्याच धाग्यातलं. डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला, किल्लेदार प्रयागजी प्रभू. त्या काळच्या जड तोफा भरीव लोखंडी गोळा जवळजवळ सरळ रेषेत फेकायच्या. तटाच्या दगडाला समोरून धडका देता येत होत्या, पण तोफ खाली आणि तट उभ्या कड्यावर. वरून आत गोळा टाकणं त्यांना साधेना. म्हणून शेवटी त्यांनी सुरुंग खणले. एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडाला तेव्हा बुरूज ढासळून त्यांचेच शेकडो सैनिक खाली गाडले गेले. त्याच महिन्यात किल्ला वाटाघाटीने गेला. मोठी तोफ असून तिला योग्य कोन मिळाला नाही, हे आपल्या डोक्यावरच्या किल्ल्यानेच दाखवलंय. चार भिंती स्मारकाच्या बाजूनं वर बघा, कोनाचा अंदाज येईल.

आता ड्रोनचा जमाना आला. युक्रेनमध्ये छोट्या ड्रोनने तोफा उडवलेल्या रोज बघतो. तोफांवर हजारो कोटी घालण्यापेक्षा ड्रोनच का घेऊ नयेत?
— प्राध्यापक, कराड

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. ड्रोनने तोफखान्याचा सगळ्यात जुना प्रश्न सोडवला. पूर्वी डोंगरापलीकडे गोळा कुठं पडला हे कळायला ओपीचा अधिकारी आणि त्याचा रेडिओ ऑपरेटर जीव मुठीत घेऊन पुढच्या टेकडीवर चढायचे. कारगिलमध्ये पायदळाबरोबर चढताना अशी कितीतरी माणसं आपण गमावली. आज ड्रोन वरून दाखवतो, गोळा ८० मीटर उजवीकडे पडला, दुरुस्ती द्या. चार-सहा गोळ्यांत काम होतं, जिथं पूर्वी चाळीस लागायचे.

पण मारायच्या ताकदीचा हिशेब करा. नागपुरात तयार होणारं नागास्त्र हे ड्रोन-शस्त्र घ्या, एका जवानाला पाठीवर नेता येतं, स्फोटक १ किलोच्या आसपास. एखादी जीप, एखादा बंकरचा झरोका, रडारची अँटेना यांवर ते बरोबर जाऊन पडतं. १५५ च्या साध्या गोळ्यात साडेसहा किलोहून जास्त स्फोटक असतं, आणि एक बॅटरी मिनिटाभरात असे कितीतरी गोळे टाकते. पायदळ चढाई करत असताना शत्रूला तासभर खंदकात डोकं खाली ठेवायला लावायचं असेल, तर ते तोफच करते. शिवाय डोंगरात वारा सुटला, बर्फ पडायला लागला, किंवा समोरच्याने सिग्नल जॅम केले, की छोटा ड्रोन घरी बसतो. निघालेला साधा गोळा कोणालाच जॅम करता येत नाही.

आपल्याकडे ही जोडणी सुरू झालेली आहे. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये घिरट्या घालून झेपावणारी शस्त्रं वापरली गेली. जुलै २०२५ मध्ये कारगिल विजय दिनी लष्करप्रमुखांनी 'शक्तिबाण' नावाच्या तोफखाना रेजिमेंटची घोषणा केली, ड्रोन आणि अशी शस्त्रं घेऊन लढणारी. मला हे मनापासून पटतं.

ड्रोनमुळे तोफेची निवडही बदलली. आकाशातून सतत कोणी बघत असेल तर जी तोफ चटकन मांडता येते आणि चटकन हलते ती जगते. म्हणून ट्रकवर बसवलेली तोफ आता सगळ्यांना हवी आहे. फ्रान्सची सीझर बघा, १८ टनांच्या आसपास, रस्त्याने साध्या ट्रकसारखी जाते, थांबल्यावर मिनिटाभरात फायर आणि तेवढ्याच वेळात निघून जाते. के-९ एवढी जड नाही, ओढायच्या तोफेसारखी लांबलचक नाही. आपल्याकडे या वर्गात उशीर झालाय आणि हा उशीर मला खटकतो. पंजाबपासून लडाखपर्यंत जिथं जिथं बरा रस्ता आहे तिथं हिचा उपयोग आहे. मला विचाराल तर पुढचा पैसा आधी इथं जावा, आणि त्याच्या बरोबरीने गोळ्यांच्या साठ्यावर. युक्रेनने सगळ्या जगाला दाखवलं की तोफा असतात, गोळे संपतात.

पिनाका आणि तोफ यांत फरक काय? टीव्हीवर पिनाका जास्त भारी वाटते.
— शेतकरी, कवठेमहांकाळ

दादा, भारी आहेच. एका लाँचरमधून ४४ सेकंदांत १२ रॉकेटं, बॅटरीत ६ लाँचर, म्हणजे पाऊण मिनिटात ७२ रॉकेटं, प्रत्येकावर सुमारे १०० किलोचं स्फोटक डोकं. शत्रूचं सैन्य जमा होतंय, त्याच्या तोफा रांगेत उभ्या आहेत, दारूगोळ्याचं कोठार आहे, अशा पसरलेल्या जागेवर हे अचानक पडलं की सावरायला वेळ मिळत नाही. हीसुद्धा पुण्याच्या एआरडीईचीच देणगी. पहिल्या पिनाकाचा पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास, मार्गदर्शित रॉकेटचा ७५ च्या घरात.

पण साधी रॉकेटं तोफेच्या गोळ्यापेक्षा जास्त विखुरतात. आपले जवान बंकरपासून थोड्या अंतरावर असताना साधी पिनाका मागवत नाहीत, तिथं तोफच लागते. एकदा डागली की धुराचा लोट मैलभरावरून दिसतो, त्यामुळे लगेच जागा सोडावी लागते. आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. तोफ दिवसभर एकेक गोळा टाकत राहू शकते, पिनाका तसं करत नाही. दोन्ही हव्यात.

मुलाला तोफखान्यात जायचंय. के-९ मिळावी अशी त्याची फार इच्छा. ते कोण ठरवतं?
— एक आई, कोरेगाव

ताई, तोफ निवडायचं त्याच्या हातात नसतं. अग्निवीर म्हणून भरती झाला की नाशिक रोड किंवा हैदराबादच्या तोफखाना केंद्रात शिक्षण, तिथं त्याची कुवत बघून ट्रेड ठरतो. तोफेवरचा गनर, टेक्निकल असिस्टंट, रेडिओ ऑपरेटर किंवा ड्रायव्हर. नंतर ज्या रेजिमेंटला जाईल तिथली तोफ त्याची. आज १०५ वर गेला आणि उद्या रेजिमेंटला अ‍ॅटॅग्ज मिळाली, तर पुन्हा शिकायचं. गणित बरं असेल तर टेक्निकल असिस्टंटसाठी त्याला तयार करा. त्रिकोणमिती, नकाशावाचन आणि होकायंत्र या तीन गोष्टी आतापासून हाताळायला लावा. पळण्याबरोबर वजन उचलण्याचा सराव हवा, पाठ सांभाळून, गुडघे वाकवून. भरतीची माहिती सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, दलालाला एक रुपया देऊ नका. काही अडलं तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, तिथं आपलीच माजी सैनिक मंडळी भेटतील.